हवा खेळती राहील असं कॅबिनेट

पनवेल कोळीवाडा, ३० मार्च

भावना,

माझं सगळं बदललं ते अठरा मार्चला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. कामोठ्यात, तुझ्या खोलीत, तुझ्या पीसीचा पडदा काळा झाला तेव्हा. बाराच्या आत तुला ती अडीच मिनिटांची ॲनिमेशन फिल्म नोकरीसाठी हैदराबादच्या स्टुडिओला पाठवायची होती. पीसी एकेक चित्र जोडून ती बनवत होता, एकोणऐंशी टक्के झाली होती. तू खुर्चीतून उठलीस आणि परत बसलीस, एवढंच. मी पीसी चालू केला, चार मिनिटांत बंद. पुन्हा चालू केला, दोन मिनिटांत बंद. कॅबिनेटला हात लावला तर तवा. आणि त्याच्यावर काकूंनी टाकलेला क्रोशाचा रुमाल.

मी काय ओरडलो ते तुला पाठ असेल. "मशीन आहे की देव्हारा? झाकून काय ठेवता? काही अक्कल?" तुझ्या आईला, तिच्याच घरात, हातात तिनेच दिलेला सरबताचा ग्लास धरून. तू म्हणालीस, "जीवन, बाहेर हो." तुझा तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

नंतर ब्लॉक केलंस. दहा दिवसांत हैदराबादला निघूनही गेलीस, त्या मोठ्या स्टुडिओत नाही, कुठल्याशा जाहिराती एडिट करायच्या ऑफिसात. ब्लॉक केल्यावर माणसाने काय करायचं? मी थर्ड इयरचं जर्नल काढलं. अर्धं कोरं आहे. एचओडींशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हापासून तसंच पडलं होतं, त्यात लिहितोय.

ओरडलो त्याबद्दल माफी. पायावर डोकं ठेवून माफी. पण तापलेल्या मशीनवर कोणी कापड टाकतं का, तूच सांग. जाऊ दे. मी तुला तो पीसी पुन्हा बांधून देणार आहे. आतलं सामान शाबूत आहे, मी एकेक तपासलंय. फक्त कॅबिनेट बदलायचं. असं कॅबिनेट, की मे महिन्यात दिवसभर फिल्म चालवलीस तरी ते हूं करणार नाही. मग तरी बोलशील ना?

जीवन


४ एप्रिल

भावना,

पहिलं पत्र टाकलं नाही. पत्ता आहे, तुझ्या भावाकडून, सत्यजीतकडून काढला. पण नुसत्या माफीचा कागद तू फाडशील. मशीन तयार झालं की दोन्ही एकदम.

सत्यजीत म्हणाला, तू फोन त्यालाच करतेस, आईला नाही. आईने घेतला तर "कामात आहे" म्हणून ठेवतेस. असं नको करूस गं. माझ्यावर राग धर, मला चालेल.

आज टपाल नाक्यावर, मी दिवसभर पडलेला असतो त्या ओवेसच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, अख्खी सकाळ कॅबिनेट पाहिली. ओवेसला तू एकदाच भेटलीस, माझा शाळेपासूनचा मित्र, तुझं पहिलं कॅबिनेट त्याच्याकडूनच घेतलं होतं. त्याने परत तसलंच पुढे सरकवलं.

"भाई, ये देख. समोर पूर्ण काच, आत सात रंगांचे फॅन. पब्लिक हेच नेते."

"काच नको."

"मागच्या वेळी तूच काचेसाठी माझं डोकं खाल्लंस. रंग दिसले पाहिजेत, तिला आवडतील, असं तूच बोललास ना?"

"आता नको म्हणतोय ना!"

"गरम कशाला होतोस? तुझ्यावरच एक फॅन बसवायला पाहिजे."

त्याचं खरं आहे, काच मीच निवडली होती. काचेच्या मागे फॅन तीन लाव नाहीतर तेरा, हवा यायला बाजूला बोटभर फट. फॅन बिचारा आतलीच गरम हवा घुसळत बसतो. या वेळी समोर जाळी पाहिजे, पूर्ण, वरपासून खालपर्यंत. दुसरं एक जाळीचं होतं, छान दिसत होतं, मी सहज बोट घातलं तर जाळीच्या मागे प्लास्टिकचा पत्रा! नुसता देखावा. तिसरं घेतलं. दिसायला कोंबड्यांचं खुराडं आहे, आधीच सांगून ठेवतो. समोर दोन मोठे फॅन बसतात. मोठा फॅन हळू फिरला तरी भरपूर हवा ओढतो, म्हणून आवाज कमी. मागे एक फॅन, तो बाहेर टाकणारा. वर जाळी, कारण गरम हवा वरच जाणार. सगळ्यात जास्त तापणाऱ्या ग्राफिक कार्डाखाली चार बोटं मोकळी जागा. पॉवर सप्लाय तळाच्या वेगळ्या कप्प्यात, तो खालून स्वतःची हवा घेतो, म्हणून पाय उंच. धुळीची बारीक जाळी चुंबकाने चिकटते, काढून नळाखाली धरायची.

घरी आणून ठेवलं, पण ठेवायला जागा कुठे? तू आमचं घर पाहिलेलं नाहीस, मीच कधी आणलं नाही. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांच्या थर्माकोलच्या पेट्या पत्र्यापर्यंत रचलेल्या. बाबा आता होडी सोडून हॉटेलांना मासळी पुरवतात. एकुलती खिडकी त्या पेट्यांच्या मागे गेली, तिला तीन वर्षांत कोणी पाहिलेलं नाही. मी त्या दोन रांगांच्या मधल्या पट्टीत झोपतो. कूस बदलायची तर उठून बदलावी लागते.

शेजारच्या कुंदनकाकांनी कंटेनर यार्डात माझ्यासाठी शब्द टाकलाय. एक मेपासून. गेटच्या केबिनमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरचे नंबर उतरवायचे. बाबा म्हणतात, "कालेज सोरलंस, आता ही तरी धर." मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायला माझ्याकडे दुसरं आहे काय?

तू असतीस तर विचारलं असतं.

जीवन


११ एप्रिल

भावना,

आज काकू दुकानात आल्या होत्या. मी काउंटरच्या खाली होतो.

खरंच केबल लावायला वाकलो होतो. "बाळा, तूच ओवेस ना? जीवनचा मित्र?" ऐकलं आणि तिथेच बसलो. ओवेस म्हणाला, "हो काकी, या ना. जीवन पण हा..." मी त्याच्या पोटरीला चिमटा काढला. "...आहे इथेच कुठेतरी, बाहेर गेलाय."

"बरं झालं. त्याच्यासमोर विचारायला लाज वाटली असती. मला सांग, चुकून वर काही ठेवलं तरी बंद पडणार नाही, असा कॉम्प्युटर मिळतो का?"

"म्हणजे?"

"मी रुमाल टाकला होता रे. धूळ बसते म्हणून. टीव्हीवर टाकते तसा. पोरीची फिल्म गेली, तिची ती नोकरी गेली. आता मी त्या खोलीत केर काढायलासुद्धा जात नाही, सत्यजीत काढतो. माझ्या हाताचा भरवसा नाही, म्हणतो तो. खरंच आहे."

"काकी, एका रुमालाने कुठे पीसी बंद पडतो? वरची जाळी झाकली तरी बाजूने हवा जाते."

"नाही रे बाबा. एवढा इंजिनियर मुलगा तोंडावर सांगून गेला."

इंजिनियर! मला म्हणाल्या. माझ्या गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या, तोंडासमोर ओवेसची चप्पल, मानेला वायरींचा गुंता. काकू पाणी प्यायल्या, "जीवनला रागावू नको हं, त्याची चूक नाही," म्हणाल्या आणि गेल्या. त्या गेल्यावरही मी बाहेर येईना.

"निघ," ओवेस म्हणाला. निघालो. "त्या कॅबिनेटला वर जाळी होती. बाजूला फटी होत्या. मीच विकलं. मग हवा अडली कुठे?"

"मला काय माहीत?"

"जीवन, अल्ला कसम, तुझे कान लाल झालेत."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर फेकला. कोणाला लागला नाही, पण शोकेसमधल्या कॅबिनेटच्या काचेला तडा गेला. ओवेस ओरडला नाही. शटरकडे बोट दाखवून म्हणाला, "काच गेली तर गेली. पण तोंड उघडत नाहीस तोवर दुकानात पाय ठेवू नको." शाळेपासूनचा मित्र!

आता दुकानही बंद. घर आहे, पेट्या आहेत, आणि एक तारीख आहे.

जीवन


१२ एप्रिल

भावना,

रुमालाने काही झालं नव्हतं.

हे एक वाक्य काल लिहायचं होतं, त्याऐवजी दोन पानं लिहिली.

नोव्हेंबरात तुझा पीसी मी दुकानात नाही बांधला, आमच्या घरी बांधला. तुला माहीत नाही, माझा स्वतःचा पहिला पीसी खाडीच्या खाऱ्या हवेने वर्षभरात खाल्ला. स्क्रू लाल झाले, पत्र्याला पापुद्रे आले. तुझ्या पीसीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. आमच्याकडे चांगली वस्तू जपायची एकच रीत आहे. खाली बर्फाचा थर, वर सुरमई, वर पुन्हा बर्फ, झाकण, आणि मग कडेने टेपचे दोन वेढे. फटीतून वारा शिरला की माशाचा डोळा पांढरा पडतो आणि हॉटेलवाला पेटी परत पाठवतो. मी चालायला लागलो तेव्हापासून बाबांसाठी टेपचं टोक धरलंय.

मी बाजूच्या फटी आतून टेपने बंद केल्या. चंदेरी टेप, दोन वेढे. वरची जाळीही आतून बंद केली, काळा कागद लावून, दिसू नये म्हणून. मागचा एक फॅन ठेवला. कूलिंगचं सगळं मला येत होतं गं, व्हायव्हात कोणी विचारलं असतं तर आकृती काढून दाखवली असती. पण हात बाबांचे निघाले. आणि थंडीत चाललं की! तू छोटी छोटी कामं करत होतीस. मार्च आला, तू अख्खी फिल्म लावलीस.

सत्यजीतने त्या दिवशी दुपारी पीसी दुकानात आणून टाकला. ओवेस चहाला गेला होता. मी झाकण काढलं. टेपचा डिंक वितळून कार्डाच्या पाठीवर ओघळला होता. मी सगळी टेप सोलली, डिंक पुसला, टेपचा गोळा खिशात घातला आणि घरी येताना गाढी नदीच्या पुलावरून खाली टाकला. तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. तुमच्या घरात तोवर रुमालाचं नक्की झालेलं होतं. एक फोन करायचा होता. मी केला नाही. मनात म्हटलं, ओरडण्याचा राग तू चार दिवसांत विसरशील, पण तुझी नोकरी माझ्यामुळे गेली हे कधीच विसरणार नाहीस.

पहिल्या पत्रात अकरा वीसची वेळ लिहिली, ती खोटी. सगळं बदललं ते सहा वाजता, पुलावर.

हे पत्र पाकिटात घातलं. पाकीट उशीखाली आहे.

जीवन


१९ एप्रिल

भावना,

पाकीट अजून उशीखालीच.

मशीन बांधून झालं. केबली मागच्या पत्र्याआड बांधून टाकल्या, हवेच्या वाटेत एक दोरा नाही. दुपारी दोनला, आमच्या तापल्या पत्र्याखाली, पेट्यांच्या मधल्या पट्टीत लावलं. समोर उदबत्ती धरली, धूर कुठे जातो पाहायला. सरळ आत ओढला गेला आणि मागून निघाला, रेघ ओढावी तसा.

बाबा बर्फ फोडता फोडता थांबले. "पूजा करतंस काय रं?"

"हवा बघतोय."

"ही पेटी हाय का चालन? नुसती भोकंच भोकं."

तुझीच फिल्म लावली. न विचारता, माफ कर. बनायला तीन तास लागले. कार्ड एकाहत्तर डिग्रीच्या वर गेलंच नाही. एकोणऐंशी आलं तेव्हा मी कॅबिनेटवर हात ठेवला. पुढे गेली. शंभर झाली. तू मला शेवट कधी दाखवला नव्हतास. ती मुलगी गच्चीवरच्या टाकीवर चढते आणि खाली सगळ्या सेक्टरचे दिवे लागतात. मी चार वेळा पाहिलं. बाबांनीपण पाहिलं, ओले हात बनियनला पुसत. "ह्ये त्या पोरीनं केलं? येकटीनं?" मी हो म्हटलं. "मंग अगोदरच्या पेटीला काय झालता?"

आणि मी सांगून टाकलं. "मी टेप लावली होती. तुम्ही लावता तशी."

बाबांनी परत बर्फ फोडायला घेतला. मग म्हणाले, "मंग त्या बाईला कनाला बोललास?"

"रागात."

"राग येक दिसाचा. म्हयना झाला."

त्यांनी हातोडी ठेवली. "आसं कर. माझं नाव सांग. बापानं टेप लावली म्हन. आरानी कोली मानूस, त्याला काय कलतं? मी येतो कामोठ्याला, त्या बाईला हात जोरतो. माझं काय जातं? तुझं अजून सगलं व्हायचं हाय."

खरं सांगतो, एक क्षण मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. माझे बाबा, दिनानाथ कोळी, तुमच्या सोफ्याच्या कडेला बसलेत, हात जोडून, आणि सत्यजीत त्यांना सुनावतोय, आणि मी मागे उभा. हे सगळं डोळ्यांपुढे दिसत असताना मला बरं वाटत होतं. तिकडे एक आई, इकडे एक बाप. मी किती जणांच्या मागे लपणार आहे?

"तुमी नाय यायचं," मी म्हटलं. बाबांशी बोलताना मीही तसंच बोलतो, तू ऐकलेलं नाहीस.

"मंग तू कवा जानार?"

मी वायर गुंडाळायला लागलो. बाबांनी परत हातोडी घेतली.

जीवन


२१ एप्रिल, कामोठे

भावना,

हे बस स्टॉपवर बसून लिहितोय. काकूंनी तुला सगळं सांगितलंच आहे, मी फक्त माझ्या बाजूचं लिहितो. सगळी पत्रं एकाच पाकिटात घालून आज टाकणार. वाच, नाहीतर नको वाचूस. एक तारखेला मी यार्डात जातोय, तेही तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

मशीन रिक्षात मांडीवर घेऊन आलो. दार सत्यजीतने उघडलं. "परत आलास?" म्हणाला, पण मशीन पाहून बाजूला झाला. काकू खाली बसून कैरीच्या फोडी करत होत्या. "अरे, जीवन! बस. झालं का रे दुरुस्त?" किती आनंदाने म्हणाल्या.

मी बसलो नाही. बसलो असतो तर सरबत आलं असतं.

"काकू, रुमालाने काही झालं नव्हतं. आत मी टेप लावली होती. हवा जायच्या जागा मी बंद केल्या होत्या."

"कसली टेप?"

सांगितलं. पेट्यांचं, खाऱ्या हवेचं, सगळं. त्या ऐकत होत्या आणि सुरी चालूच होती.

"म्हणजे रुमाल नसता तरी?"

"तरी बंदच पडला असता."

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

तेव्हा सुरी थांबली. "त्याच संध्याकाळी," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं रडतील, किंवा असू दे म्हणतील. तुझी आई असू दे म्हणणारी आहे, हे मी मनात धरूनच आलो होतो, आता लपवत नाही. त्या म्हणाल्या, "मी महिनाभर माझ्याच घरात चोरासारखी वावरले, जीवन."

सत्यजीतने माझी कॉलर धरली. मी हात वर केला नाही. पहिल्यांदाच.

"सोड त्याला," काकू म्हणाल्या. "तू तरी कुठे कमी बोललास मला?"

त्याने सोडली. मी म्हटलं, "भावनाला मी सांगतो. पत्रं आणलीत."

"तू नाही. माझ्यावर आलं होतं, मी सांगणार."

त्या उठल्या, हात धुतले, फोन घेतला आणि तुझ्या खोलीत गेल्या. दाराशी क्षणभर थांबल्या, मग गेल्या. पंखा लावला. तुझ्या खुर्चीत बसल्या. फोन स्पीकरवर होता, त्यांना नेहमी तसाच लागतो.

"आई, मी कामात आहे."

"असू दे काम. ऐक. ते रुमालाने झालं नव्हतं."

मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता, तुझ्या ऑफिसातलं कोणीतरी हसत होतं तेही.

"कोण म्हणालं?"

"जीवन. इथेच उभा आहे. देऊ त्याला?"

मी हात पुढे केला. चौतीस दिवसांनी तुझा आवाज ऐकत होतो आणि तो माझ्यापासून दोन पावलांवर होता.

"नको," तू म्हणालीस. "तू बोल, आई. तू बोल ना."

काकूंनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. मग बोलायला लागल्या, अठरा मार्चच्या सकाळपासून, न थांबता, मध्येच तुला काहीतरी समजावत, मध्येच नाक पुसत. "नाही गं, मी कुठे रागावले? तूच फोन घेत नव्हतीस." नंतरचं मला ऐकू आलं नाही. ते ऐकायचा मला हक्कही नव्हता.

मी मशीन भिंतीशी ठेवलं. सत्यजीत म्हणाला, "हे?" मी म्हटलं, "तिचं आहे. तिला विचारा, नको म्हणाली तर कळवा, घेऊन जाईन." तो कैरीच्या फोडी ताटात गोळा करायला लागला. मला जा असं कोणी म्हटलं नाही, थांब असंही नाही. मी चपला घातल्या. आत काकू कशाला तरी हसल्या, रडता रडता. मी बाहेर आलो आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.